तरंगत्या सरगॅसमच्या गुच्छावर कोण राहते, आणि ते जाळीत का सापडत नाही

प्रश्न असा आहे: मोकळ्या अटलांटिकमध्ये तरंगणाऱ्या सरगॅसम शेवाळावर नेमके कोणते प्राणी राहतात, ते तिथे कसे टिकतात, आणि नमुना घेतला की पाच-दहा कोळंब्यांपलीकडे जाळीत काहीच का येत नाही?

शेवटच्या भागापासून सुरुवात करू. जाळी रिकामी आली म्हणजे गुच्छ रिकामा होता, असे क्वचितच असते. बहुतेक वेळा प्राणी जाळी पोचण्याआधीच खाली सटकलेले असतात, नाहीतर जाळी वर येताना पाण्याबरोबर निथळून गेलेले असतात. उरलेले ट्रेमध्ये डोळ्यांसमोर असूनही दिसत नाहीत. आणि जे सापडले त्यांची संख्या शेवाळाचे वजन, रूप आणि वय न नोंदवता लिहिली तर तो आकडा दुसऱ्या कोणत्याही आकड्याशी जुळवता येत नाही. ‘एका गुच्छात ४० खेकडे’ या नोंदीतला गुच्छ मुठीएवढा होता की टोपलीएवढा, हे कळल्याशिवाय तिला अर्थ नाही. म्हणून प्राण्यांकडे जाण्याआधी शेवाळ वाचायला शिकावे लागते.

मोकळ्या समुद्रात आयुष्यभर तरंगणाऱ्या सरगॅसमच्या दोन जाती आहेत: सरगॅसम नॅटन्स आणि सरगॅसम फ्लुइटन्स. सरगॅसमच्या इतर जाती किनाऱ्यालगत खडकाला धरून वाढतात. या दोन कशालाच धरत नाहीत. त्यांच्यात लैंगिक प्रजनन आढळत नाही. फांदी तुटते, तुटलेला तुकडा वाढत राहतो आणि त्याचाच नवा गुच्छ होतो. सागरी जीवशास्त्रज्ञ अल्बर्ट पार यांनी १९३९ मध्ये या शेवाळाच्या वेगवेगळ्या रूपांना रोमन क्रमांक दिले. आज प्रामुख्याने तीन रूपे भेटतात: नॅटन्स एक, नॅटन्स आठ आणि फ्लुइटन्स तीन.

ओळखायची सुरुवात देठापासून करावी. देठावर बारीक काटे बोटाला लागले तर ते फ्लुइटन्स तीन. देठ गुळगुळीत असेल तर नॅटन्स. मग पाने बघावीत. नॅटन्स एकची पाने अरुंद असतात आणि हवेच्या फुग्यांच्या टोकाला बहुधा बारीक काटा असतो. नॅटन्स आठची पाने ठळकपणे रुंद असतात आणि फुग्यांना सहसा काटा नसतो. एका फुग्यावरून निर्णय देऊ नये, कारण काटे मोडतात. एकाच गुच्छातले दहा-बारा फुगे आणि दोन-तीन देठ तपासावेत. बरेच गुच्छ मिश्र असतात. अशा वेळी रूपे वेगळी करून त्यांचे वजन वेगवेगळे घ्यावे. हे किचकट वाटते, पण टाळू नये. २०१४-१५ मध्ये कॅरिबियनमध्ये शेवाळाचे जे लोंढे आले त्यांत, आधी विरळाच मिळणाऱ्या नॅटन्स आठचे प्रमाण सर्वाधिक निघाले, आणि रूपागणिक फिरत्या प्राण्यांची वस्तीही वेगळी असते हे पुढे दिसून आले. रूपच नोंदवले नसेल तर वस्ती बदलली की शेवाळ बदलले, हे नंतर सांगता येत नाही.

गुच्छाच्या बुडाशी खडकाला धरणारी चकती दिसली तर ते किनाऱ्यावरून तुटून आलेले शेवाळ आहे. त्याची नोंद वेगळी ठेवावी. पूर्व चीन समुद्र आणि जपानच्या भोवतालच्या पाण्यात सरगॅसम हॉर्नेरी असेच तुटून तरंगत जाते. त्याच्या आडोशाला सेरिओला माशाची पिल्ले जमतात. जपानमध्ये त्यांना मोजाको म्हणतात आणि मत्स्यपालनासाठी ती पकडली जातात. पण असे तुटलेले शेवाळ मर्यादित काळच टिकते, आणि त्यावरचे भाडेकरूच कधी कधी घर खाऊन संपवतात. इडोटिया बाल्टिका हा समपाद (आयसोपॉड, कोळंबी-खेकड्यांच्या गटातला चपटा) प्राणी तरंगते शेवाळ भराभर कुरतडतो. त्याचाच भाऊबंद इडोटिया मेटॅलिका मात्र मोकळ्या समुद्रातल्या जगण्याला सरावलेला आहे. तो शेवाळ फारच कमी खातो आणि म्हणून त्याचा तराफा टिकतो.

आता वय. एका गुच्छातच कोवळा आणि जुना असे दोन्ही भाग असतात. टोके सोनेरी पिवळी आणि स्वच्छ, मधला भाग पिवळट तपकिरी, आणि आतला भाग गडद, ठिसूळ, पांढऱ्या खपल्यांनी भरलेला. टोके स्वच्छ का राहतात? एक म्हणजे ती नुकतीच वाढलेली असतात. दुसरे म्हणजे शेवाळ टॅनिनसारखी द्रव्ये स्रवते आणि त्यांमुळे इतर जीव बसण्याचा वेग मंदावतो. सीबर्थ आणि कोनोव्हर यांनी १९६५ मध्ये हे मांडले. आतल्या जुन्या भागात हा बचाव ढिला पडतो आणि तिथे थरावर थर चढतात. ओझे वाढले, फुगे फुटले की गुच्छ पाण्यात खोल बसू लागतो. जोराच्या वाऱ्यात खाली जाणारा प्रवाह त्याला खोल ओढून नेतो. पुरेशा खोलीवर दाबाने फुगे निकामी होतात आणि मग गुच्छ परत वर येत नाही.

याच जुन्या भागावर वस्तीचा पाया बसतो. उघड्या डोळ्यांना जाळीदार पांढरा थर दिसतो तो ब्रायोझोअनचा (वसाहत करून राहणाऱ्या अतिसूक्ष्म प्राण्यांचा), बहुतेक वेळा मेंब्रॅनिपोरा ट्यूबरक्युलाटा, जिला आता जेलिएला या प्रजातीत घालतात. पानांवर गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली, पण टाचणीच्या डोक्याएवढी पांढरी वेटोळी दिसतात, ती स्पायरॉर्बिड कृमींची घरे. पिसासारखे किंवा बारीक केसांसारखे उभे दिसतात ते हायड्रॉइड, म्हणजे जेलीफिशचे बसून राहणारे नातलग. त्यांपैकी अॅग्लाओफेनिया लॅटेकॅरिनाटा पिसासारखा असल्यामुळे भिंगाखाली चटकन ओळखू येतो. हायड्रॉइडना डंख असतो, म्हणून कोपरापर्यंत हात घालायचा तर हातमोजे घालावेत. अनेमोनिया सरगॅसेन्सिस हे छोटे समुद्रफूल फांदीच्या बेचक्यात बसलेले असते आणि आखडल्यावर तपकिरी गाठीसारखे दिसते. डायकोथ्रिक्स फ्युसिकोला हा नीलहरित जिवाणू पानांवर वाढतो आणि हवेतला नायट्रोजन जैविक रूपात आणतो. पोषकद्रव्यांचा दुष्काळ असलेल्या पाण्यात ही फार मोठी गोष्ट आहे. गुच्छाखालच्या माशांच्या उत्सर्गातूनही शेवाळाला अमोनियम आणि फॉस्फरस मिळतो. म्हणजे आडोसा घेणारे मासे त्याची परतफेडही करतात.

या पायावर चरणारे आणि शिकार करणारे येतात. सिलिया पेलॅजिका ही कवच नसलेली गोगलगाय हायड्रॉइड खाते. तिच्या पाठीवरचे पानासारखे पंखे शेवाळाच्या पानांशी इतके जुळतात की ती रांगायला लागेपर्यंत ओळखू येत नाही. लिटिओपा मेलॅनोस्टोमा ही काही मिलिमीटरची तपकिरी गोगलगाय निसटली तर चिकट धाग्याने शेवाळाला लोंबकळत राहते. धागा पाण्यात जवळजवळ दिसत नाही. ग्नेसिओसेरोस सरगॅसिकोला हा चपटा कृमी पानावरच्या डागासारखा पसरलेला असतो. प्लॅटिनेरिस ड्युमेरिली हा बहुकेशी (अंगावर राठ केस असलेला) कृमी पाने गुंडाळून केलेल्या नळीत राहतो. सागरी कोळीही असतात, काडीसारख्या पायांचे आणि जवळपास धडच नसलेले.

संख्येने सर्वाधिक भरतात त्या कोळंब्या. लॅट्रुटीस फ्युकोरम छोटी, जेमतेम दोन सेंटिमीटरची, पण अनेकदा निम्मी मोजणी तिचीच होते. लिअँडर टेन्युइकॉर्निस तिच्याहून मोठी आणि पारदर्शक, अंगावर तपकिरी ठिपके. खेकडे मुख्यतः दोन. प्लेनिस मिन्युटस चपटा, पायांना केसांच्या झालरी असलेला. त्याच्या कवचावर कित्येकदा पांढरा डाग असतो आणि तो ब्रायोझोअनच्या थरासारखा दिसतो. हा खेकडा समुद्री कासवांवरही राहतो. दुसरा पोर्ट्युनस सायी, पोहणारा, आक्रमक, मागच्या पायांची वल्ही झालेली. कोलंबसच्या १४९२ च्या रोजनिशीत १७ सप्टेंबरला शेवाळात जिवंत खेकडा सापडल्याची नोंद आहे. खेकडा दिसला म्हणजे जमीन जवळ आली, असा तेव्हाचा अंदाज होता. तो चुकला, कारण या खेकड्यांना जमीन लागतच नाही.

माशांमध्ये खरा कायमचा रहिवासी बेडूकमासा, हिस्ट्रिओ हिस्ट्रिओ. लांबी जास्तीत जास्त २० सेंटिमीटरच्या आसपास. छातीचे पर हातासारखे वळतात आणि तो त्यांनी फांद्या धरून चालतो. अंगावर पानांसारख्या झालरी, रंग शेवाळाप्रमाणे बदलणारा. तोंड इतके झटक्यात उघडते की भक्ष्य पाण्यासकट आत ओढले जाते, आणि स्वतःएवढ्या लांबीचा मासाही तो गिळू शकतो, स्वजातीयसुद्धा. त्याची अंडी जेलीसारख्या तरंगत्या पट्ट्यात असतात. सिंग्नॅथस पेलॅजिकस हा नळीमासाही इथलाच. फांदीला समांतर उभा राहिला की तो काडीच वाटतो.

बाकीचे मासे बहुतेक पाहुणे असतात. फाइलफिश, ट्रिगरफिश, सेरिओला आणि कॅरँक्स यांची पिल्ले वाढेपर्यंत आडोशाला राहतात आणि मग निघून जातात. उडणारे मासे धाग्यांनी बांधलेल्या अंड्यांचे घोस फांद्यांवर अडकवतात. माहीमाही, ट्यूना हे मोठे शिकारी खालून फेऱ्या मारतात. सरगॅसो समुद्राच्या (उत्तर अटलांटिकमधला, याच शेवाळावरून नाव पडलेला भाग) आढाव्यात या शेवाळाशी संबंधित १४५ हून अधिक अपृष्ठवंशी आणि १२७ माशांच्या जाती मोजल्या आहेत, पण त्यांतल्या जेमतेम दहा जाती केवळ याच शेवाळावरच्या. हा फरक लक्षात ठेवणे महत्त्वाचे आहे. रहिवासी मोजताना गुच्छ हे एकक चालते. पाहुण्या माशांसाठी मात्र संपूर्ण पट्टा आणि त्याखालचे पाणी बघावे लागते. तिथे हातजाळीचा उपयोग नाही. पाण्यात उतरून किंवा कॅमेऱ्याने मोजणी करावी.

इथे एक गैरसमज दूर करावासा वाटतो. युरोपीय आणि अमेरिकी ईल (सापासारखे लांब मासे) सरगॅसो समुद्रात प्रजनन करतात. योहानेस श्मिट यांनी १९२२ मध्ये हे मांडले. त्यावरून ईलची पिल्ले शेवाळात वाढतात असे पुष्कळदा लिहिले जाते. तसे नाही. त्यांचे पानासारखे पारदर्शक डिंभ (अंड्यातून निघालेली अळीरूप पिल्ले) मोकळ्या पाण्यात, पृष्ठभागाखाली तरंगतात. शेवाळात ईल मिळाले नाहीत म्हणून पद्धत चुकली, असे समजू नये.

आता प्रत्यक्ष नमुना. तीन मीटर प्रति सेकंदाहून जास्त वारा असेल तर शेवाळ वाऱ्याच्या दिशेने लांब रांगांत जमते. आयर्विंग लँगम्युअर यांनी १९२७ मध्ये अटलांटिक ओलांडताना याच रांगा पाहिल्या, त्यावर प्रयोग केले आणि १९३८ मध्ये पाण्याच्या आडव्या गोल फिरणाऱ्या वेटोळ्यांचे स्पष्टीकरण प्रसिद्ध केले. रांगेतला गुच्छ आणि एकटा सुटा गुच्छ यांची नोंद वेगळी करावी. रांगेत गुच्छ एकमेकांना लागलेले असतात, प्राणी सहज इकडून तिकडे जातात. सुट्या गुच्छावरच्या खेकड्याला तसा पर्याय नसतो. रांगेत प्लास्टिक आणि तेलाचे गोळेही जमतात, तेही लिहावेत.

गुच्छाकडे वाऱ्याच्या खालच्या बाजूने, होडीचे पुढचे टोक वाऱ्याकडे ठेवून, सावकाश जावे. वरच्या बाजूने गेलात तर होडी गुच्छावर वाहत येते आणि त्याला तळाखाली लोटते. साधारण १० मीटर आधी इंजिन न्यूट्रलला आणावे, म्हणजे पंख्याचा झोत गुच्छाखाली जात नाही. होडीची सावली गुच्छावर पडू देऊ नये. सावली पडताच मासे आणि पोर्ट्युनस खाली उतरतात. जाळी टाकण्यापूर्वी वरून फोटो घ्यावा, त्यात मापासाठी पट्टी किंवा खुणा केलेली काठी असावी. वेळ, अक्षांश-रेखांश, वारा, पाण्याचे तापमान, क्षारता, गुच्छाची लांबी-रुंदी आणि शेजारच्या गुच्छापर्यंतचे अंतर एवढे लगेच लिहावे. नंतर आठवून लिहिलेले अंतर नेहमी चुकते.

जाळीचे तोंड गुच्छापेक्षा मोठे हवे. ५० सेंटिमीटर व्यासाची चौकट, निदान ६० ते ७५ सेंटिमीटर खोल पिशवी आणि अर्ध्या मिलिमीटरची छिद्रे हे सर्वसाधारण कामाला पुरते. जाळी गुच्छापासून हातभर दूर पाण्यात उतरवावी, जवळजवळ मीटरभर खाली न्यावी, गुच्छाखाली सरकवावी आणि सरळ वर घ्यावी. सर्वांत मोठी चूक इथेच होते. लोक जाळी आडवी ओढत गुच्छाला भिडवतात. जाळीपुढचा पाण्याचा दाब आधी पोचतो आणि पोहणारे सगळे निसटतात. जाळीच्या कडेला चिकटून राहतात त्या कोळंब्या, आणि मग जाळीत पाच-दहा कोळंब्यांपलीकडे काहीच का येत नाही, असा प्रश्न पडतो. होडीमागून ओढायचे पृष्ठजाळे दाट शेवाळात वापरले तर तोंड बुजते आणि पाणी बाजूने वाहू लागते. किती पाणी गाळले हे मग कळत नाही. ते जाळे विरळ, विखुरलेल्या शेवाळासाठी ठेवावे.

जाळी पाण्याबाहेर आली की तिला हवेत निथळत ठेवू नये. पिशवीचे बूड लगेच समुद्राच्या पाण्याने भरलेल्या बादलीत टेकवावे, मग उलटी करून जाळीची आतली बाजू धुवावी. बादली सावलीत हवी, झाकण हवे (प्लेनिस कडेवरून सहज चढतो) आणि लगेच काम करणार नसाल तर हवेचा पंप हवा. यानंतरची पहिली काही मिनिटे निर्णायक असतात. बेडूकमासा आधी शोधून वेगळ्या भांड्यात ठेवावा, नाहीतर तुम्ही वही उघडेपर्यंत तुमचा नमुना त्याच्या पोटात गेलेला असतो. मग पोर्ट्युनस वेगळे करावेत, तेही कोळंब्या फोडतात. पोटात काय आहे हे तपासणार असाल तर बादलीत काढलेला वेळ लिहून ठेवावा, कारण बादलीत खाल्लेले भक्ष्य समुद्रातले म्हणून मोजले जाण्याची शक्यता असते.

त्यानंतर हाताने उचलायचे नाजूक प्राणी: गोगलगाई, समुद्रफूल, चपटे कृमी. हे गोड्या पाण्याच्या धुण्याआधी काढावेत. ट्रे दोन ठेवावेत, एक पांढरा आणि एक काळा. तपकिरी लिटिओपा पांढऱ्यावर दिसते, पारदर्शक लिअँडर काळ्यावर. एकाच पांढऱ्या ट्रेवर काम करणाऱ्यांच्या यादीत पारदर्शक प्राणी कमी निघतात, आणि ते समुद्रात कमी आहेत असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

मग शेवाळ फांदी-फांदी करून गोड्या पाण्याच्या बादलीत जोरात हलवावे. क्षारतेचा धक्का बसला की बहुकेशी कृमी, उभयपाद (अँफिपॉड, कोळंबीसारखे बारीक प्राणी) आणि उरलेल्या कोळंब्या पकड सोडतात. पाणी अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून गाळावे. बादली बदलून हे तीनदा करावे. तिसऱ्या गाळपातही प्राणी येत असतील तर चौथ्यांदा करावे. बहुकेशी कृमींच्या नळ्या मात्र हलवून सुटत नाहीत. गुंडाळलेली पाने चिमट्याने उघडून बघावी लागतात, आणि हे न केल्यास प्लॅटिनेरिसची संख्या नेहमीच कमी भरते.

बसून राहणाऱ्या जीवांसाठी त्याच गुच्छातून, पण गोड्या पाण्यात घालण्यापूर्वी, टोक, मध्य आणि आतला भाग यांतून प्रत्येकी दहा पाने कापावीत. भिंगाखाली प्रत्येक पानाचा किती टक्के भाग कोणत्या थराने व्यापला आहे ते लिहावे. सगळी पाने टोकाकडचीच घेतली तर शेवाळ स्वच्छ दिसते, आतलीच घेतली तर बुजलेले. तिन्ही भागांचे आकडे वेगळे ठेवावेत, सरासरी नंतर काढता येते.

वजन घेताना शेवाळ फक्त निथळून चालत नाही. पानांच्या मध्ये अडकलेले पाणी गुच्छागणिक वेगळे असते. सॅलड सुकवायच्या फिरत्या टोपलीत ठरावीक वेळ, समजा ३० सेकंद, फिरवावे आणि मग तोलावे. वेळ प्रत्येक नमुन्याला तीच हवी. शक्य असेल तर ६० अंश सेल्सियसला वजन स्थिर होईपर्यंत सुकवून कोरडे वजनही घ्यावे. ओल्या वजनात ८० टक्क्यांहून जास्त पाणीच असते, त्यामुळे ओल्या वजनातली थोडीशी बेपर्वाई सगळे गणित हलवते. आकडे दर १०० ग्रॅम किंवा दर किलो शेवाळामागे मांडावेत. गुच्छ मोठा होतो तशी जातींची संख्या वाढते, पण त्याच प्रमाणात नाही. म्हणून लहान आणि मोठे गुच्छ एकत्र ढकलून सरासरी काढू नये. माझ्या मते एका ठिकाणचे पाचांपेक्षा कमी गुच्छ असतील तर त्या ठिकाणाबद्दल बोलू नये, फक्त त्या गुच्छांबद्दल बोलावे.

जतन करताना तीन ठिकाणी घात होतो. पहिले, गोगलगाई आणि समुद्रफुले थेट फॉर्मॅलिनमध्ये टाकली तर आखडून गोळा होतात आणि ओळख पटत नाही. आधी बधिर करावे लागते. एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ७५ ग्रॅम हेक्साहायड्रेट मॅग्नेशियम क्लोराइड विरघळवावे, हे द्रावण समुद्राच्या पाण्यात निम्मे-निम्मे मिसळावे आणि स्पर्शाला प्रतिसाद थांबेपर्यंत थांबावे. दुसरे, फॉर्मॅलिन आम्लधर्मी होते आणि ब्रायोझोअनचे सांगाडे, स्पायरॉर्बिडच्या नळ्या आणि कोवळे शंख विरघळवते. एक भाग तीव्र फॉर्मॅलिन आणि नऊ भाग समुद्राचे पाणी असे द्रावण करताना, तळाशी थोडा न विरघळलेला राहील इतका बोरॅक्स घालावा. हाताळणी मोकळ्या हवेत, हातमोजे आणि चष्मा घालूनच. तिसरे, डीएनएसाठी ठेवलेल्या नमुन्यात ९५ टक्के इथेनॉल ओल्या शेवाळामुळे पातळ होते. शेवाळासकट प्राणी ठेवायचे तर इथेनॉल नमुन्याच्या आकारमानाच्या निदान चौपट घ्यावे आणि २४ तासांनी ओतून नवे भरावे. लेबल कागदाचे, पेन्सिलने लिहिलेले आणि बाटलीच्या आत. बाहेर चिकटवलेल्या लेबलावरची शाई इथेनॉलचा थेंब पडताच पुसली जाते.

कासवांची पिल्ले दिसली तर जाळी थांबवावी. अंड्यातून निघून समुद्रात गेल्यावर पिल्ले कुठे जातात, हे कासवांचे अभ्यासक आर्ची कार यांनी लावून धरलेले जुने कोडे होते. तरंगते शेवाळ हे त्याच्या उत्तराचा मोठा भाग ठरले. लॉगरहेड, हिरवे, हॉक्सबिल आणि केम्प्स रिडली या चारही जातींची पिल्ले शेवाळात आढळतात आणि बहुतेक शेवाळापासून मीटरभराच्या आतच राहतात. सौर उपग्रह टॅग लावलेल्या छोट्या लॉगरहेडच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात टॅगवरचे तापमान भोवतालच्या समुद्राच्या अंदाजापेक्षा कित्येक अंशांनी जास्त निघाले. शेवाळाची चटई उन्हाने तापते आणि थंड रक्ताच्या पिल्लाला त्या उबेचा वाढीसाठी उपयोग होतो, असा त्याचा अर्थ लावला जातो. त्याच वर्षी अमेरिकेने लॉगरहेडच्या संरक्षित अधिवासात सरगॅसमचा समावेश केला. कासव हाताळायला स्वतंत्र परवानगी लागते. शेवाळाच्या नमुन्याची परवानगी त्यासाठी चालत नाही. पिल्लू चुकून जाळीत आलेच तर जाळी पाण्यातच ठेवून तिचे तोंड खाली करावे आणि त्याला स्वतः बाहेर पडू द्यावे. ती वेळ आणि जागा मात्र लिहून ठेवावी.

आता आकड्यांची तुलना. २०११ पासून पश्चिम आफ्रिकेपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत सरगॅसमचा मोठा पट्टा जवळजवळ दरवर्षी तयार होतो आहे. जून २०१८ मध्ये त्याची लांबी ८,८५० किलोमीटर आणि वजन दोन कोटी टनांहून अधिक भरले. शेवाळ इतके वाढले म्हणजे त्यावरचे जीवनही तितके वाढले, असे गृहीत धरू नये. सरगॅसो समुद्रातल्या ऑगस्ट २०११ आणि फेब्रुवारी २०१२ च्या नमुन्यांत, केवळ सहा महिन्यांत, फिरत्या प्राण्यांची विविधता आणि जातीजातींच्या संख्येतला समतोल घटलेले दिसले. तशीच घट १९७२-७३ मध्येही त्याच भागात नोंदली गेली होती. तरीही एकूण वस्तीची रचना जुन्या कोणत्याही नमुन्याशी जुळली नाही. म्हणजे हंगामाचा हेलकावा दशकांच्या बदलाला सहज झाकून टाकू शकतो. फेब्रुवारीचा आजचा नमुना ऑगस्टच्या जुन्या नमुन्यापुढे ठेवून ‘घट झाली’ म्हणणे चूक आहे. महिना, प्रदेश, रूप आणि गुच्छाचा आकार हे चारही जुळले तरच दोन आकडे शेजारी मांडावेत.

किनाऱ्यावर वाहून आलेले शेवाळ वापरावे का, हे बरेच जण विचारतात. फिरत्या प्राण्यांसाठी नाही. लाटांच्या फुटीतच ते बाहेर पडलेले असतात, आणि जे सापडतात त्यांत किनाऱ्यावरचे उभयपाद व माश्या मिसळलेल्या असतात. ब्रायोझोअन, स्पायरॉर्बिड आणि हायड्रॉइडचे सांगाडे मात्र टिकून असतात. म्हणून रूपांचे प्रमाण आणि पानांवरचा थर मोजायला ताजा, अजून सोनेरी असलेला ढीग चालतो. तपकिरी-काळा पडलेला घेऊ नये. कुजताना त्यातून हायड्रोजन सल्फाइड आणि अमोनिया निघतात, म्हणून जाड ढिगाजवळ वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे राहून काम करावे. डोके दुखू लागले किंवा डोळे चुरचुरले तर तिथून लगेच दूर व्हावे.